आधी चिप, मग सुई

आमच्या कुत्र्याच्या, चिकूच्या, लशींच्या पुस्तकात १४ ऑगस्टला रेबीजची लस टोचल्याची नोंद आहे. बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं, डॉक्टरांची सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. त्याच्या अंगात ओळखीची चिप बसवल्याची तारीख मात्र १९ ऑगस्ट. मधल्या या पाच दिवसांनी आमचे सहा आठवडे खाल्ले.

झालं असं, की नवऱ्याला बर्लिनमध्ये नोकरी लागली, १ जानेवारीपासून. चिकूला मागे ठेवायचा प्रश्नच नव्हता. चिकू म्हणजे सहा वर्षांचा, ५ किलो ८०० ग्रॅमचा इंडियन स्पिट्झ, ज्याला सगळं पुणं ‘पॉमेरियन’ म्हणतं. छोटा कुत्रा, पायाशी बॅगेत मावेल, मग अडचण ती काय, अशा तोऱ्यात मी होते. सप्टेंबरच्या शेवटी त्याचं रक्त तपासायला द्यायला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पुस्तक उघडलं, एकदा पुढचं पान बघितलं, एकदा मागचं, आणि म्हणाल्या, “लस आधी आणि चिप नंतर? मग ही लस याच कुत्र्याला टोचली हे तिकडच्या माणसाला कसं कळणार?”

सगळं गणित या एका प्रश्नात आहे. आपल्या लेखी चिकू म्हणजे चिकू. विमानतळावरच्या अधिकाऱ्याच्या लेखी तो एक पांढरा, केसाळ, बिननावाचा प्राणी. अंगात चिप आली की त्याला ओळख मिळते, आणि ओळख मिळण्याआधी जे काही टोचलं ते कुणाच्याच नावावर जमा होत नाही. युरोपियन युनियनचा नियम सरळ आहे: चिपच्या तारखेआधीची रेबीजची लस धरायची नाही. एकाच दिवशी दोन्ही केलं तर चालतं, पण चिप आधी, सुई नंतर. चिकूने जन्मल्यापासून घेतलेल्या रेबीजच्या सगळ्या लशी एका वाक्यात बाद झाल्या आणि तो पुन्हा पहिलीत बसला.

चूक कुणाची? पहिल्या डॉक्टरांना मी “परदेशी न्यायचंय” एवढंच सांगितलं होतं, कुठे ते सांगितलं नव्हतं. नियम मी स्वतः वाचले नव्हते. त्यामुळे बोट कुणाकडे दाखवत नाही. पण तेव्हापासून कुणी विचारलं की कुत्र्याला विमानातून कसं न्यायचं, तर मी तिकिटाबद्दल काही बोलतच नाही. पहिला प्रश्न विचारते, चिप कधी बसवली?

ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी असते. दोन खांद्यांच्या मधे, कातडीखाली, जरा जाड सुईने सोडतात. तिला बॅटरी नसते. जीपीएस तर नाहीच नाही, कुत्रा हरवला तर ती काही “मी कोथरूडला आहे” असं कळवत नाही. रीडर जवळ नेला की त्याच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते, १५ आकडे सांगते आणि पुन्हा झोपते. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची चिप घ्यायची, म्हणजे तिकडच्या रीडरला ती वाचता येते. त्या मानकांत न बसणारी जुनी चिप असेल तर ती वाचणारा रीडर आपल्याला बरोबर न्यावा लागतो. चिप बसवल्यावर डॉक्टरांना तिथल्या तिथे रीडर फिरवायला सांगा आणि आलेला आकडा पुस्तकातल्या आकड्याशी एकेक अंक बोट ठेवून ताडून बघा. पंधरापैकी एक आकडा इकडचा तिकडे झाला तर कागद दुसऱ्याच कुत्र्याचे ठरतात.

तीन महिने कशासाठी?

युरोपने देशांच्या याद्या केल्या आहेत. जिथे रेबीज नाही किंवा चांगला आटोक्यात आहे ते देश यादीत, बाकीचे यादीबाहेर. भारत यादीबाहेर. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के एकट्या भारतात होतात. आपल्या गल्लीत कुत्रं चावलं की पहिली धाव इंजेक्शनसाठी असते, ती उगीच नाही.

यादीबाहेरच्या देशातून येणाऱ्या कुत्र्याला नुसती लस पुरत नाही, ती अंगी लागली आहे हे रक्तातून दाखवावं लागतं. त्या तपासणीला लोक ‘टायटर टेस्ट’ म्हणतात. कुत्र्याच्या रक्तातलं सीरम काढून ते प्रयोगशाळेत रेबीजच्या विषाणूसमोर सोडतात आणि ते विषाणूला किती रोखून धरतं ते मोजतात. एका मिलिलिटरमागे ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त आलं की पास. रक्त लस टोचल्यापासून निदान ३० दिवसांनी घ्यायचं, आणि सीरम युरोपियन युनियनने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच गेलं पाहिजे. आपल्या गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबचा अहवाल, मग तो कितीही चकचकीत असो, चालत नाही. दरवर्षी लस घेतलेली मोठी कुत्री सहसा पास होतात. पहिल्यांदाच लस टोचलेली पिल्लं कधीकधी नापास होतात, म्हणून काही डॉक्टर रक्त घेण्याआधी दुसरा डोस देऊन ठेवतात.

पास झालं तरी लगेच निघता येत नाही. रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. मला हे सुरुवातीला निव्वळ सरकारी छळ वाटलं होतं. अहवाल हातात आहे, प्रतिपिंडं भरपूर आहेत, मग थांबायचं कशाला? पण समजा, लस टोचण्याच्या आठवडाभर आधी त्याला एखादं पिसाळलेलं कुत्रं चावून गेलं असेल तर? रेबीजचा विषाणू नसांमधून मेंदूकडे सावकाश सरकत जातो. तोवर कुत्रा खातो, खेळतो, शेपूट हलवतो. बहुतेक कुत्र्यांमध्ये लक्षणं काही आठवडे ते तीनेक महिन्यांत दिसतात. तेवढे दिवस त्याला आहे तिथेच ठेवलं आणि तो धडधाकट राहिला, तर विषय मिटला.

ब्रिटनमध्ये पूर्वी हीच खात्री दुसऱ्या पद्धतीने करायचे. पहिल्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांनी लपवून आणलेल्या कुत्र्यांमुळे १९१८ मध्ये तिथे रेबीज परत आला होता, आणि तो घालवायला १९२२ उजाडलं. पुढे कित्येक दशकं बाहेरून आलेल्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने सरकारमान्य पिंजऱ्यात काढावे लागायचे, मालक तिथे भेटायला जायचे. २००० साली चिप, लस आणि रक्ततपासणीची पद्धत आली आणि ठरावीक देशांतल्या कुत्र्यांची त्या पिंजऱ्यांतून सुटका झाली. तेव्हा आपले तीन महिने म्हणजेही एक क्वारंटाइनच, फक्त ते आपल्या घरच्या सोफ्यावर होतं, आणि चिकूने ते त्याच ठिकाणी, बहुतांश उताणं झोपून काढलं.

उलटं मोजा

समजा, तुम्हाला १ जूनला उतरायचंय. तीन महिने मागे आलात की १ मार्च, म्हणजे रक्त त्याच्या आत घेतलेलं हवं. त्याच्या ३० दिवस मागे ३० जानेवारी, म्हणजे लस त्याच्या आत. चिप त्याच दिवशी, लशीच्या आधी. हे झालं अगदी काठावरचं गणित. डॉक्टर सुट्टीवर, कुरिअर अडकलं, कुत्र्याला जुलाब, यांतलं एक काहीतरी होणारच, म्हणून मी असते तर डिसेंबरातच सुरुवात केली असती. अहवाल यायला जे आठवडे लागतात ते वेगळे धरायला नकोत, कारण घड्याळ रक्त घेतल्यापासून सुरू होतं, अहवाल आल्यापासून नाही. आमच्या ओळखीतल्या एकांनी अहवालाच्या तारखेपासून मोजले आणि विनाकारण महिनाभर जास्त थांबले.

पिल्लू असेल तर आणखी एक अट: १२ आठवड्यांच्या आत टोचलेली रेबीजची लस धरत नाहीत. १२ आठवडे, मग ३० दिवस, मग तीन महिने. सात महिन्यांच्या आतलं पिल्लू भारतातून युरोपात न्यायचा विचार सोडून द्या.

आणि बूस्टरची तारीख! लशीची मुदत संपायच्या आत पुढची लस टोचत राहिलात तर एकदा पास झालेली टायटर टेस्ट जन्मभर चालते. मुदत एका दिवसाने जरी उलटली तरी पुढची लस ‘पहिली’ धरतात आणि रक्तापासून सगळं नव्याने. गाडीच्या विम्याची मुदत उलटली तरी नो-क्लेम बोनस नव्वद दिवस टिकतो, इथे एका दिवसाचीही सवलत नाही.

आमची दुसरी लस २६ सप्टेंबरला झाली, रक्त २७ ऑक्टोबरला, म्हणजे निघायची परवानगी २७ जानेवारीनंतर. नवरा डिसेंबरात एकटा गेला. इथे आणखी एक बारीक गोष्ट कळली. मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर पडलं तर तो ‘पाळीव प्राणी’ राहत नाही, व्यापारी माल धरला जातो आणि त्याचे नियम निराळे, जास्त किचकट. नशिबाने चिकूची सगळी कागदपत्रं माझ्या नावावर होती. ती नवऱ्याच्या नावावर असती तर त्याला परत यावं लागलं असतं, किंवा माझ्यासाठी लेखी अधिकारपत्र आणि पाच दिवसांचा मेळ बसवावा लागला असता. कुत्र्याचं पुस्तक कुणाच्या नावाने बनवलंय, हे आपल्यापैकी कितीजणांना आठवतं?

शेवटचा कागद सरकारी. ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस, म्हणजे एक्यूसीएस, हे केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं कार्यालय. मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद अशा ठिकाणी ते आहे, पुण्यात नाही, त्यामुळे पुणेकराला कुत्र्यासकट मुंबई गाठावी लागते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, लशीचा दाखला, टायटरचा अहवाल, पासपोर्ट, तिकीट हे सगळं घेऊन जायचं. तिथले सरकारी पशुवैद्य कुत्रा तपासतात, रीडर फिरवतात आणि युरोपियन युनियनच्या नमुन्यातलं आरोग्य प्रमाणपत्र देतात. आमचं जर्मन आणि इंग्रजी अशा दोन भाषांत होतं. त्यावर बारीक अक्षरात एक सूचना आहे, की सहीचा रंग छापील मजकुरापेक्षा वेगळा हवा. काळ्या छपाईवर काळ्या पेनने सही दिसली तर तिथेच, हसत हसत, निळं पेन पुढे करा. सोबत आपणही लिहून द्यायचं, की हा कुत्रा विकायला किंवा दुसऱ्याच्या नावावर करायला नेत नाही.

हे प्रमाणपत्र दिल्यापासून १० दिवसांच्या आत युरोपच्या दारात पोचायचं. म्हणून ते फार आधी काढून उपयोग नाही आणि फार उशिरा काढायला गेलं तर छातीत धडधड. आम्ही निघायच्या पाच दिवस आधी गेलो. चिकूने एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलला गाडीतून उतरून तीन खांब ओले केले आणि मुंबईत डॉक्टरांच्या टेबलावर इतक्या सभ्यपणे उभा राहिला, की हा आपलाच कुत्रा का, असं वाटलं.

विमान कंपनीचं वेगळं राज्य

देशाने परवानगी दिली म्हणजे विमानाने दिली असं नाही. ही दोन स्वतंत्र खाती आहेत आणि एकाचं दुसऱ्याला काही देणंघेणं नसतं. लुफ्तान्सा केबिनमध्ये बॅगेसकट ८ किलोपर्यंतचा कुत्रा घेते, मऊ बॅग ५५ बाय ४० बाय २३ सेंटिमीटरपर्यंत. केएलएम आणि एअर फ्रान्सचीही मर्यादा बॅगेसकट ८ किलोच, पण बॅग ४६ बाय २८ बाय २४. म्हणजे एका कंपनीसाठी आणलेली बॅग दुसरीला मोठी होते. आकडे बदलत असतात, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशी कंपनीच्या पानावर पुन्हा बघा. एमिरेट्सच्या केबिनमध्ये कुत्रं-मांजर चालत नाही, पण दुबई ते पाकिस्तानातल्या काही शहरांपर्यंत शिकारी ससाणा चालतो. ज्याचं त्याचं पाळीव.

‘बॅगेसकट’ हा शब्द दोनदा वाचा. चिकू ५.८ किलो, बॅग १.३ किलो, आत अंथरलेली माझी जुनी ओढणी धरून ७.३ झाले. बाथरूमच्या काट्यावर कुत्र्याला कडेवर घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. (आपलं खरं वजन कळण्याचा तोटा सहन करावा लागतो.) कुत्रा साडेसात किलोचा असेल तर काठावर आहात, एक तर फार हलकी बॅग शोधा, नाहीतर त्याच्या डब्यातली पोळी आजपासून बंद. चिकूला तूप लावलेली अर्धी पोळी रोज लागायची, ती आईच्या विरोधाला न जुमानता दोन महिने बंद होती.

कुत्र्याची जागा वेगळी राखून ठेवावी लागते आणि एका विमानात मोजकेच प्राणी घेतात. म्हणून आधी फोन करून त्या तारखेला जागा आहे का ते विचारायचं, मग आपलं तिकीट, मग लगेच त्याची नोंद. ‘पेट इन केबिन’ची नोंद तिकिटात दिसली पाहिजे, फोनवरच्या माणसाच्या “हो मॅडम, झालं”वर विसंबू नका. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल, तर नियम जी कंपनी विमान उडवणार तिचे. मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन्ही विमानांचे, शिवाय ज्या देशात थांबणार त्याचेही. म्हणून थेट विमानासाठी पाच-दहा हजार जास्त गेले तरी मी म्हणेन जाऊ द्या.

केबिनमध्ये मावत नसेल तर होल्ड, म्हणजे विमानाचं पोट. तिथे बर्फ असतो, हवा नसते, अशी एक समजूत आहे. प्राणी ठेवतात त्या भागात हवेचा दाब केबिनइतकाच असतो आणि तो गरम ठेवता येतो. खरा धोका जमिनीवर आहे, मे महिन्याच्या दुपारी विमानाशेजारी डांबरावर पिंजरा वाट बघत उभा असतो तेव्हा. आखूड नाकाच्या जातींना हा धोका फार जास्त. पग, शिह त्झू, बुलडॉग यांची श्वासनलिका मुळातच अरुंद, आणि कुत्रा अंग थंड करतो तो धापा टाकून. लुफ्तान्साने २०२० पासून अशा जातींना होल्डमध्ये घेणंच बंद केलं. मोबाइलच्या त्या जाहिरातीनंतर आपल्याकडे घराघरांत पग आले, त्यातले बरेचसे खाऊन-पिऊन दहा किलोंचे आहेत, म्हणजे केबिनसाठी जड आणि होल्डसाठी नाक आखूड. त्यांच्या मालकांनी घर बदलायच्या आधीच याचा विचार केलेला बरा.

शेजारच्या काकांनी प्रेमाने सल्ला दिला होता, “झोपेची अर्धी गोळी दे, उतरेपर्यंत उठणार नाही.” तेच तर भय आहे. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, अंगाचं तापमान सांभाळता येत नाही, विमान हलल्यावर तोल सावरता येत नाही. पशुवैद्य नको म्हणतात आणि गुंगीत दिसणारा कुत्रा विमान कंपनी परत पाठवू शकते. गोळीऐवजी बॅगेची सवय. ऑक्टोबरपासून ती बॅग आमच्या सोफ्यावर उघडी पडून होती. आधी तिच्यात बिस्किट, मग जेवण, मग दुपारची झोप. मग चेन लावून पाच मिनिटं, अर्धा तास, रिक्षातून मंडईपर्यंत, गाडीतून लोणावळ्यापर्यंत. जानेवारीत तो स्वतःहून आत जाऊन बसायला लागला, आणि पाहुण्यांना वाटायचं आम्ही त्याला शिक्षा केली आहे.

इतर देशांचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये विमानाने येणारा कुत्रा फक्त कार्गो म्हणून उतरतो, केबिनमधून नाही. म्हणून काहीजण पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमला उतरून पुढे गाडीने इंग्लिश खाडीखालचा बोगदा पार करतात. तिथे टायटरशिवाय पट्टकृमीचं औषधही लागतं, पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या मधे दिलेलं. दुबईतही कार्गोनेच. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले: कुत्रा निदान सहा महिन्यांचा हवा, आणि भारत रेबीजच्या धोक्याच्या यादीत असल्यामुळे इथे लस घेतलेल्या कुत्र्याला न्यूयॉर्कचं जेएफके, लॉस एंजेलिस, मायामी अशा ठरावीक विमानतळांवरच, तिथल्या नोंदणीकृत केंद्रात आधी जागा राखून उतरावं लागतं. टायटर नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन. ऑनलाइन विकत मिळणारं, कुत्रा मानसिक आधारासाठी लागतो असं सांगणारं ‘इमोशनल सपोर्ट’चं पत्र २०२१ पासून तिकडच्या विमान कंपन्यांवर बंधनकारक नाही, त्यात पैसे घालवू नका. जपानला रक्त घेतल्यापासून १८० दिवस. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रा घेतच नाही, आधी त्यांना मान्य असलेल्या देशात काही महिने काढा, मग मेलबर्नजवळच्या मिकलहॅमला क्वारंटाइन. ते किती कडक आहेत याची चुणूक २०१५ मध्ये अख्ख्या जगाने पाहिली, जॉनी डेपची दोन यॉर्कशायर टेरियर खासगी विमानातून न कळवता उतरली तेव्हा. कृषिमंत्र्यांनी जाहीर सांगितलं, कुत्री परत न्या नाहीतर मारून टाकू. नेली.

ती रात्र

मुंबईहून युरोपची विमानं बहुतेक मध्यरात्रीनंतर. संध्याकाळी सातला थोडंसं जेवण, नंतर फक्त घोटभर पाणी. टर्मिनलबाहेर शेवटचा फेरा. सिक्युरिटीला कुत्रा बॅगेतून बाहेर काढावा लागतो, बॅग एक्स-रेमधून जाते आणि कुत्रा आपल्या कडेवर चौकटीतून. हे आधी माहीत असू द्या, कारण त्या गोंधळात, ट्रे आपटत असताना, पट्टा नसलेला कुत्रा हातातून निसटला तर संपलं. हार्नेस घालूनच ठेवा. आमच्या वेळी तपासणाऱ्या बाईंनी कागद नंतर मागितले, आधी त्याचं नाव विचारलं.

नऊ-साडेनऊ तास तो पायाशी होता. विमान वर चढताना थोडा कुरकुरला, मी बॅगेच्या जाळीला बोटं लावून बसले, मग झोपला. मध्ये एकदा टॉयलेटमध्ये नेऊन खाली पॅड अंथरला. त्याने पॅडकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खांब कुठाय असा चेहरा करून बसला.

सामान भरताना एक विसरू नका: भारतातून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. चिकूचं चिकनचं कोरडं खाणं आणि आईने दिलेले पेढे, दोन्ही याच नियमात अडकतात. आम्ही त्याचं पाकीट घरी सोडलं. पेढे पार्किंगमध्ये उभ्याने संपवले.

आम्ही उतरलो त्या फ्रँकफर्टला हिरव्या दाराने, म्हणजे ‘दाखवण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्यांच्या दाराने, निघून जायचा मोह होतो, सगळे तिकडूनच जात असतात. कुत्रा घेऊन बाहेरच्या देशातून आलात तर लाल दारानेच जायचं, कस्टमला स्वतःहून दाखवायचं. अधिकाऱ्याने फाइल घेतली, टायटरचा अहवाल आणि चिपचं पान शेजारी शेजारी ठेवलं, रीडर चिकूच्या मानेवरून फिरवला. पिक्. पंधरा आकडे. त्याने पेनचं टोक एकेका आकड्यावर ठेवत ते ताडले, मग लशीची तारीख, मग चिपची, मग पुन्हा लशीची. १९ ऑगस्ट, २६ सप्टेंबर. मी श्वास रोखून उभी. त्याने मान हलवली आणि फाइल परत दिली. चार महिन्यांच्या धावपळीचा निकाल तीन मिनिटांत. बाहेर पडल्यावर पहिल्याच झाडाखाली, चार अंश थंडीत, चिकूने जवळजवळ मिनिटभर पाय वर धरला होता. पुढे बर्लिनपर्यंत रेल्वेने गेलो; बॅगेतल्या छोट्या कुत्र्याला जर्मन रेल्वेत तिकीट लागत नाही.

परतीचा विचार जातानाच करून ठेवा. सुट्टीला कुत्र्याला घेऊन भारतात यायचं असेल तर निघण्याआधी तिकडेच टायटर करून युरोपियन पेट पासपोर्टमध्ये त्याची नोंद करून घ्या. मग परत जाताना तीन महिन्यांची अट लागत नाही. भारतात आणायला एक्यूसीएसचं ना-हरकत पत्र आधी लागतं, आणि दोन वर्षांहून जास्त राहून कायमचे परतणाऱ्यांना सामानाबरोबर दोन पाळीव प्राणी आणता येतात. भारतातून निघतानाचा प्रत्येक कागद सांभाळून ठेवा, ते ओझं तेव्हा कामाला येतं.

बर्लिनला कुत्र्यावर कर आहे, पहिल्या कुत्र्यासाठी वर्षाला १२० युरो. तो भरला की गळ्यात अडकवायला नंबरचा बिल्ला मिळतो. माझ्या नावाने या शहरात आलेलं पहिलं सरकारी पत्र तेच होतं. माझं बँकेचं कार्ड त्यानंतर आठवड्याने आलं.